बटण परत आले, मेनू नाही

पडद्यावरचे काही बदलले की लोक आरडाओरडा करतात आणि वर्षभरात गप्प होतात, असे संगणक क्षेत्रातली मंडळी हसत सांगत असतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ८ बद्दल तर हे इतक्यांदा सांगून झाले की तेच खरे वाटू लागले. २६ ऑक्टोबर २०१२ ला बाजारात आलेल्या त्या प्रणालीतून स्टार्ट बटण आणि त्यावर उघडणारा मेनू गायब झाला होता. त्या जागी अख्खा पडदा व्यापणारी रंगीत चौकोनांची स्टार्ट स्क्रीन आली. त्यावरून जो गदारोळ झाला, त्याच्याभोवती आज बरेच समज साचले आहेत.

त्यातला पहिला म्हणजे, मेनू कुणाच्या तरी लहरीखातर काढला. तसे नव्हते. ज्यांनी संमती दिली होती अशा वापरकर्त्यांच्या संगणकांवरून कंपनीकडे वापराची माहिती जमा होत असे. आधीच्या विंडोज व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर केले होते. कारणही उघड होते. विंडोज ७ मध्ये नेहमीचे प्रोग्रॅम थेट टास्कबारवर पिन करता येऊ लागले, मग मेनूत शिरायचे कशाला? शिवाय २०१० मध्ये आयपॅड आला होता आणि बोटाने चालणाऱ्या पडद्यांची घाई लागली होती.

आकडे खरे होते, निष्कर्ष घसरला. एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते आणि ती किती लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरातल्या मेन स्विचला वर्षातून दोनचारदा हात लागतो, म्हणून कुणी तो भिंतीत लिंपून टाकत नाही. विंडोज ८ मध्ये संगणक बंद करायचा तर माउस उजवीकडच्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून सरकत येणाऱ्या पट्टीवर सेटिंग्ज निवडायचे, मग पॉवर, मग शट डाउन. बोटाने वापरणाऱ्याला ती पट्टी कडेवरून सहज ओढता येई. माउसवाल्याला मात्र त्या कोपऱ्यात काही आहे याची खूणच पडद्यावर नव्हती. माझ्या मते खरा राग इथे होता. मेनू गेला हे एकवेळ चालले असते, पण वाट कुठे आहे हेच दिसेनासे झाले.

‘लोकांना मुळात बदलच नको असतो’ हा समज याच ठिकाणी कोसळतो. विंडोज ७ चा टास्कबार हाही मोठाच बदल होता, नावे जाऊन नुसती चित्रे आली होती, तरी तो लोकांनी आपलासा केला. विंडोज ८ मधला नवा टास्क मॅनेजर किंवा फाइल कॉपी होताना मध्येच थांबवण्याची सोय यांच्याविरुद्धही कुणी दंड थोपटले नाहीत. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनाही असेच हटवादी ठरवले जाते. जुन्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपल्यावरही अनेकांनी ती सोडली नाही, कारण पेजमेकर, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच जुन्या मांडणीत अडकलेल्या होत्या. याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

तक्रारी उशिरा आल्या असेही नाही. सप्टेंबर २०११ च्या चाचणी आवृत्तीत स्टार्ट बटण होते, २९ फेब्रुवारी २०१२ च्या आवृत्तीत ते नव्हते. म्हणजे विक्रीपूर्वी जवळजवळ आठ महिने लोक बोलत होते.

मग विंडोज ८ विकलीच गेली नाही का? विकली गेली. सहाएक महिन्यांत दहा कोटी परवाने विकल्याचे कंपनीने मे २०१३ मध्ये सांगितले. फक्त त्यात संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी नव्या यंत्रांसाठी घेतलेले परवानेही होते. नवा लॅपटॉप घेतला की विंडोज ८ आपसूक पदरात पडत होती, त्यामुळे या आकड्यावरून पसंती मोजता येत नाही. त्याच काळात क्लासिक शेल हा फुकटचा आणि स्टार्ट८ हा विकतचा प्रोग्रॅम जुना मेनू परत बसवून देत होते. नवी प्रणाली घ्यायची आणि वर तिच्यातून काढलेली वस्तू वेगळे पैसे मोजून परत आणायची, असा तो व्यवहार!

विंडोजचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनी सोडली, तेव्हा बटणाने त्यांचा बळी घेतला असे बोलले गेले. तारखा शेजारी शेजारी आहेत, पण हे कारण ना कंपनीने दिले ना त्यांनी.

१७ ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ आवृत्तीत ‘मेनू परतला’ ही आठवणही अर्धीच खरी. परतले ते बटण, आणि दाबल्यावर पुन्हा तीच स्टार्ट स्क्रीन उघडे. मेनू खऱ्या अर्थाने आला तो २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० बरोबर.

हे फक्त मायक्रोसॉफ्टच करते असे मानणाऱ्यांनी लिनक्सच्या जगात डोकावावे. २०११ मध्ये तिथल्या ग्नोम या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने मांडणी उलटीपालटी केली, तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स तो सोडून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. तिथे मूळ कोड सर्वांना खुला असल्याने नाराजांनी जुन्या ग्नोमचीच शाखा काढून माटे उभा केला. टॉर्व्हाल्ड्स २०१३ मध्ये ग्नोमकडे परतले, पण आपल्या सोयीच्या जोडण्या लावून.

विंडोज ११ च्या वेळी, ५ ऑक्टोबर २०२१ ला, टास्कबार खालच्या कडेवरून हलवता येईना. सोय मुद्दाम हिसकावली असे अनेकांना वाटले. खरे तर टास्कबार नव्याने लिहिला गेला होता आणि जुन्या सोयी त्यात एकेक करून पुन्हा बसवायच्या होत्या. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय २०२२ मध्ये परतली, खिडक्यांची नावे सुटी दाखवण्याची २०२३ मध्ये. बाजूला हलवण्याची सोय का ठेवली नाही, तर ती वापरणारे थोडे आणि काम फार, असे उत्तर आले. दहा वर्षांपूर्वीचे तेच गणित.

आणि विंडोज १० ही ‘शेवटची विंडोज’ असल्याचे वचन? ते २०१५ च्या एका परिषदेत एका कर्मचाऱ्याच्या तोंडून आले होते, कंपनीचा करार नव्हता. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा. घरगुती वापरासाठी त्या आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वेगळी नोंदणी करून मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. दुकानदार ‘मशीनच बदला’ म्हणत असेल, तर आधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ही नोंदणी दिसते का ते पाहावे.