टायर घेताना तुम्हीही बघा!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पोत बघतो, माठ वाजवून घेतो. मग ज्या चार टायरांवर सारं घर बसून गावाला जातं, त्यांची निवड एकट्या ‘ह्यां’च्यावर का सोडायची?

उंच, मोठ्या गाड्यांसाठी ‘हिवाळी टायर’ मिळतात, हे तुमच्या कानावर आलं असेल. अहो, ते बर्फाळ मुलखाचे! त्यांचं रबर मऊ असतं. तापमान ७ अंशांखाली गेलं तरी ते कडक होत नाही. आपल्या गेवराईत पहाट गारठली तरी दुपारी ऊन तापतंच. तिथं ते रबर लवकर झिजेल, ब्रेक दाबल्यावर गाडीही उशिरा थांबेल. तेव्हा नेहमीचेच टायर घ्या.

माप गाडीच्या पुस्तकात दिलेलंच हवं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. फार जुना माल असेल, तर सरळ नको म्हणा. वापरातल्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या, की तो बदलायलाच हवा. गोटा झालेला टायर पावसात घसरतो.

थंडीत मात्र हवेकडे लक्ष हवं हं! तापमान १० अंशांनी उतरलं, की टायरातली हवा साधारण २ पौंडांनी कमी होते. कमी हवेचा टायर धुळे-सोलापूर महामार्गावर वेगात तापतो नि फुटूही शकतो. म्हणून माहेरी निघण्याआधी, सकाळी टायर थंड असतानाच हवा बघून घ्या. किती हवी, तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. आणि हो, स्टेपनी विसरू नका!