ऊसतोडीला जाताना गाडीची काळजी

दिवाळी झाली की आपल्या तळोदा, अक्कलकुवा, धडगाव तालुक्यांतल्या घरांना एकेक करून कुलपं लागतात. चांदसैलीचा घाट उतरून माणसं येतात, ट्रक भरतात. कोणी गुजरातेत बारडोली, मढी, चलथाणकडे जातं, कोणी इथेच शहाद्याच्या सातपुडा कारखान्याला. धान्य, भांडी, गोधड्या, लेकरं, सगळं बरोबर. ज्यांचं काम बैलगाडीवर असतं, त्यांचं पुढच्या पाच-सहा महिन्यांचं पोट दोन चाकांवर चालतं. आज त्या चाकांबद्दल बोलू.

गाडी पुरुषाने बघायची आणि मोळ्या बाईने उचलायच्या, असं आपण धरून चालतो. पण नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आणि उचलही दोघांच्या घामातून फिटते. गाडी दिवसभर उभी राहिली तर दोघांचा दिवस बुडतो. पहाटे तीनला भरल्या गाडीचा टायर बसला, तर रस्त्याच्या कडेला लेकरू घेऊन बसावं लागतं ते बाईलाच. म्हणून हे तिलाही माहीत हवं. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना ताकद लागतच नाही, लक्ष लागतं.

टायरगाडीत सगळ्यात आधी दगा देतं ते बेअरिंग. रिकाम्या गाडीचं चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. मऊ फिरलं तर ठीक. खरखर आवाज आला, किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक लटलटलं, तर मेकॅनिककडून खोलून घ्या. जुन्या ग्रीसवर नवं थापू नका. जुन्यात माती असते आणि ती कानशीसारखी लोखंड खाते. डिझेलने धुऊन, पुसून, मगच नवं भरायचं. रोज करायची गोष्ट त्याहून सोपी आहे. गाडी थांबली की चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या भागाला, जपून हात लावा. हात ठेववत नसेल इतका तापला असेल, तर बेअरिंग जायला आलंय. त्यावर पाणी ओतू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं.

टायरमध्ये बाजूची चीर बघा. वरची नक्षी झिजली तरी टायर काही दिवस निघतो, बाजूने चिरलेला भरल्या गाडीखाली केव्हाही फुटतो. चाकाचे नट रोज पान्याने आवळा. जू आणि शिवळा तपासा. बैलांचे नालही यातच आले. नाल निघालेला बैल डांबरी रस्त्यावर घसरतो.

वाटेत टायर बसलाच तर घाई करू नका. गाडी कडेला सपाट जागी घ्या, दोन्ही चाकांना दगडाची उटी लावा. दांडीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत, नाहीतर भरलेली गाडी पुढे आपटते किंवा मागे उलटते. जॅकखाली जाड फळी हवी, मातीत जॅक रुततो. गाडी जॅकवर असताना खाली कुणी शिरायचं नाही, पोरांना तर लांबच बसवा. अंधार असेल तर मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसलो पाहिजे. गाडीच्या मागे लाल रेडियमची पट्टी निघायच्या आधीच लावून घ्या. ऊस बाहेर लोंबून पट्टी झाकली जाते, तेवढं बघा. बैलाला लागलं तर 1962, माणसाला लागलं तर 108, हे नंबर तोंडपाठ ठेवा. गुजरातेतही तेच चालतात.

आता पैशाचं. काही जणांची गाडी स्वतःची असते, काहींची भाड्याची. भाड्याची असेल तर ताब्यात घेतानाच विचारा : टायर फाटला, आख वाकला, तर खर्च कुणाचा? चिरलेला टायर, वाकलेला आख, जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन माणसांसमोर. दुरुस्ती मुकादमाने करून दिली, तर कागद मागून घ्या. नसेल देत, तर आपल्या वहीत लिहा : तारीख, काय बदललं, किती पैसे, कुणी दिले. लिहिता येत नसेल तर पडावावरच्या शाळा शिकलेल्या पोरीकडून लिहून घ्या. शेवटच्या हिशेबाला तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. कुठल्या महिन्यात कोणता ट्यूब घेतला हे आपल्यालाही आठवत नाही, आणि उचलीवर आकडा तेवढा वाढलेला असतो.

जॅक, पाना, पंप, पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, ग्रीसचा डबा, एवढं प्रत्येक घराने विकत घ्यायची गरज नाही असं आम्हाला वाटतं. एकाच पडावावर जाणाऱ्या चार-पाच घरांनी गटातून मिळून एक पेटी घ्यावी. पेटी कुणाकडे राहील आणि संपलेला ट्यूब कोण भरून देईल, हे निघण्याआधीच्या बैठकीत ठरवा आणि गटाच्या वहीत लिहा. तिथे पोचल्यावर ठरवू म्हटलं की भांडण होतं.