आयेल्ट्सचा निबंध : आधी भूमिका

परदेशी विद्यापीठांच्या सप्टेंबरच्या सत्रासाठी अर्ज करण्याचे दिवस पुन्हा आले आहेत आणि आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या शिकवण्यांच्या जाहिराती गावोगावी झळकू लागल्या आहेत. परीक्षेचा तपशील उमेदवारांना ठाऊक असतोच. येथे विचार करावयाचा आहे तो लेखनभागातील दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे सुमारे 40 मिनिटांत लिहावयाच्या, किमान 250 शब्दांच्या आणि पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट भार असलेल्या निबंधाचा.

नदीचे आत्मवृत्त किंवा ‘मी पंतप्रधान झालो तर’ असे निबंध लिहीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्याला विषयाभोवती प्रदक्षिणा घालीत, सुभाषितांची पखरण करीत, मुख्य विधान अखेरपर्यंत राखून ठेवण्याचे वळण लागलेले असते. त्या वळणाला स्वतःची शोभा आहे, हे मी मनःपूर्वक मानतो. परंतु ‘उच्च शिक्षण सर्वांना विनामूल्य असावे, या मताशी आपण कितपत सहमत आहात?’ असा प्रश्न पुढे आला, की परीक्षकाला हवी असते ती लेखकाची निःसंदिग्ध भूमिका, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत ढळली नाही ना, हे तो कसोशीने पाहतो.

म्हणून पहिली पाच मिनिटे आराखड्याला द्यावीत. समजा, शुल्कमाफी गरजूंपुरतीच असावी, असे उमेदवाराचे मत आहे. मग प्रास्ताविकाला दोन वाक्ये पुरेत : एकात प्रश्न स्वतःच्या शब्दांत, कारण त्यातील शब्द जसेच्या तसे उतरवले तर ते हिशेबात धरले जात नाहीत, आणि दुसऱ्यात हे मत. सरसकट माफीचा बोजा, ज्याची मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचलीच नाहीत अशा मजुराच्या करावरही पडतो, हे एकच कारण पुढच्या परिच्छेदात घेऊन दाखल्यासह तडीस न्यावे. तिसऱ्यात, शुल्काच्या नुसत्या धास्तीने कित्येक गुणी मुले अर्जच करीत नाहीत, हे प्रतिपक्षाचे खरे बळ मान्य करून, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती ती धास्ती कशी दूर करते, हे सांगावे. एका परिच्छेदात चार कारणे कोंबणाऱ्याचे एकही कारण सिद्ध होत नाही.

शिकवणीवर्गांतून वाटल्या जाणाऱ्या ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ यांच्या याद्यांविषयी मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. परीक्षकांचे निकष प्रसिद्ध आहेत. आशय, सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चारही अंगांना त्यांत समान वजन आहे, आणि सुसंगतीची सर्वोच्च श्रेणी ज्याचे सांधे वाचकाच्या नजरेत जवळजवळ भरतच नाहीत, अशा लेखनाला मिळते. प्रत्येक वाक्याच्या कपाळी पाठ केलेले अव्यय चिकटवण्याचा शिरस्ता म्हणूनच घातक ठरतो. विचार क्रमाने आला असेल तर त्याला अशा टेकूंची गरज क्वचितच पडते.

समारोपात भूमिका वेगळ्या शब्दांत मांडावी, नवे कारण आणू नये. उरलेली दोन-तीन मिनिटे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या उपपदांसाठी राखावीत; मराठीत त्यांना प्रतिरूप नसल्याने आपल्या हातून ती नकळत गळतात, आणि आशयात गुंतलेल्या नजरेला ती उणीव दिसत नाही.