फिजिओथेरपीचे पैसे कोण देणार?

डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ ठरलेली असते: ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’ कुणाच्या पैशांनी, ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं, घरच्यांना पदरचा रुपया घालावा लागला नाही. योजना मोलाचीच आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण म्हणजे काही थोडंथोडकं नाही. पण हॉस्पिटलला पैसे मिळतात ते पॅकेजनं. ऑपरेशनचा एक ठरीव दर, त्यातच औषधं, तपासण्या, जेवण आणि डिस्चार्जनंतरचे 10 दिवस. पेशंट दोन दिवस जास्त राहिला तर दर तोच राहतो, खर्च तेवढा वाढतो. मग वॉकर धरून चार पावलं टाकली की चला घरी. खरं काम तर तिथून पुढं, दोन-तीन महिन्यांचं.

आजींच्या मुलानं माझ्यासमोरच हिशेब मांडला. माझी फी 250, जायची-यायची रिक्षा 400, शिवाय त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा. म्हणजे मी फी माफ केली असती तरी त्याला परवडलं नसतं. दुसऱ्या आठवड्यानंतर आजी आल्याच नाहीत.

मेडिक्लेमवाल्यांचं थोडं बरं. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या 60 किंवा 90 दिवसांचा खर्च मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावत्या मात्र जपून ठेवाव्या लागतात. ॲडमिट न होता नुसती कंबर धरली असेल तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

पैसा सढळ असला म्हणजे प्रश्न मिटतो, असंही नाही. माझ्या कॉलेजची एक मैत्रीण अमेरिकेत वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. तिथं मेडिकेअर ही सरकारी योजना थेरपीच्या मिनिटांवर दर ठरवायची. आठवड्याला 720 मिनिटं भरली की सगळ्यात वरचा दर. साहजिकच, पेशंट कितीही थकलेला असो, 720 भरायचीच! ऑक्टोबर 2019 पासून दर पेशंटच्या अवस्थेवर ठरू लागला आणि मिनिटं घसरली, बऱ्याच थेरपिस्टांचे तासही कापले गेले. म्हातारी माणसं काही एका रात्रीत ठणठणीत झाली नव्हती.

मी हल्ली लांबून येणाऱ्यांकडून महिन्याची एकच फी घेते. सुनेला नाहीतर नातवाला पहिल्याच दिवशी सगळं शिकवते: पाय कसा उचलून धरायचा, उंबरा ओलांडताना वॉकर आधी की पाय आधी, कुठं दुखलं तर थांबायचं. आजी जितक्या कमी वेळा येतील तितका त्यांचा रिक्षाखर्च वाचतो, माझाही वेळ वाचतो. दर खेपेला फी घ्यायचे तेव्हा हेच सगळं शिकवायला मला आठवडा लागायचा.