गवत कापायचं यंत्र रुसलं तर?

मैत्रिणींनो, घरातलं माणूस रुसलं तर त्याला कसं बोलतं करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण यंत्र रुसलं की आपण लगेच हात टेकतो. ‘हे आले की बघतील’ म्हणून ते पडवीत उभं करून ठेवतो. गवत मात्र कुणासाठी थांबत नाही!

आमची रत्नागिरीजवळ थोडी हापूसची कलमं आहेत. हे नोकरीसाठी मुंबईला, त्यामुळे बागेचं सगळं माझ्याच गळ्यात. पावसानंतरच्या बेणणीला गडी मिळेनात, म्हणून पेट्रोलवर चालणारा, खांद्याला अडकवायचा ग्रासकटर घेतला. आणि पहिल्याच वर्षी मी त्याचा जीव घेतला! स्कूटरसाठी आणलेलं साधं पेट्रोल त्यात ओतलं. थोडा वेळ छान चालला, मग गचकन थांबला. दोरी जागची हलेना. मिस्त्रींनी सायलेन्सर काढून आत दाखवलं, तर पिस्टनवर उभे ओरखडे. दुरुस्तीचा आकडा ऐकून डोळ्यांत पाणीच आलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेलाचं माप चुकवू नका

यातली बरीच यंत्रं टू-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच आतल्या भागांना वंगण देतं. ते नसेल तर धातूवर धातू घासतो, तापतो आणि इंजिन जाम होतं. माप यंत्राच्या पुस्तिकेत असतं. १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि. अंदाजपंचे नको, औषधासारखं मोजून घाला, आणि तेही टू-स्ट्रोकचंच ऑइल. ऑइल भरायला वेगळं झाकण असेल तर यंत्र फोर-स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळायचं नाही. आमच्याकडे आता मिश्रणाच्या डब्यावर लाल रंगाचा मोठा पट्टा आहे.

सुरूच होत नाही?

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: ताजं पेट्रोल, मोकळी हवा आणि ठिणगी. याच क्रमानं बघत जा. त्याआधी यंत्र बंद करून थंड होऊ द्या. पातं किंवा दोरा यांना हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढून ठेवा.

पेट्रोल महिन्याहून जुनं असेल तर काढून टाका. आपल्या पेट्रोलात आता इथेनॉल असतं. २०२२ साली ते दहा टक्क्यांपर्यंत गेलं आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! ताजं मिश्रण भरून रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबा. नळीत पेट्रोल दिसत नसेल तर नळी चिरली आहे का ते पाहा. टाकीच्या आत नळीच्या टोकाला एक बोंडासारखी गाळणी असते. तारेच्या आकड्यानं ती अलगद बाहेर ओढा. काळी पडली असेल तर बदला.

मग हवेची गाळणी. स्पंजची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा; कागदी असेल तर नुसती झटका, खराब झाली असल्यास नवी घाला.

शेवटी प्लग. तो ओला निघाला तर समजा, चोक लावून दोरी फार वेळा ओढली गेली आहे. प्लग पुसून वाळवा, स्विच बंद ठेवा, चोक उघडा आणि प्लग न लावताच दोरी पाच-सहा वेळा ओढा. आतलं जादा पेट्रोल उडून जाईल. त्या वेळी जवळपास चूल, विडी, उदबत्ती काही नको. प्लग काजळीनं काळा झाला असेल तर ब्रशनं साफ करा. तरीही शंका वाटली तर ठिणगी बघत बसण्यापेक्षा त्याच नंबरचा नवा प्लग लावून पाहा.

पुन्हा सुरू करताना चोक लावून दोरी ओढा. ‘पुट्’ असा पहिला आवाज आला की चोक उघडा. इथेच आपण चुकतो. आवाज आल्यावरही चोक तसाच ठेवतो आणि प्लग पुन्हा भिजतो.

चालतं, पण दम नाही?

पाच मिनिटं चालून बंद पडतं, टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा सुरू होतं, असं असेल तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं आहे. ते साफ करा. वेग चढतच नसेल तर हवेची गाळणी आणि सायलेन्सरची जाळी पाहा. जाळीत काजळी साठली की इंजिन गुदमरतं.

इथे मात्र थांबा

आईच्या स्टोव्हला पिन मारलेली आपण पाहिलेली आहे. तीच सवय कार्ब्युरेटरवर चालवू नका! त्यातली भोकं फार नाजूक असतात, पिनेनं मोठी झाली की माप कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर आणि जाम झालेलं इंजिन ही मिस्त्रींची कामं. पण त्यांच्याकडे जाताना ‘पेट्रोल ताजं आहे, गाळण्या साफ आहेत, प्लग नवा आहे’ एवढं सांगता आलं, तर नको त्या कामाचे पैसे जात नाहीत.

आणि काही पथ्यं. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. बंद खोलीत यंत्र चालवू नका. त्याचा धूर विषारी असतो. कापताना गमबूट आणि चष्मा हवाच. मुलाबाळांना पंधरा मीटर लांब ठेवा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि यंत्र सुरू करून आपोआप बंद पडू द्या. दिवाळीला टाकीत राहिलेलं पेट्रोल मृगाला त्रास देतंच देतं.

माझा ग्रासकटर आता दोन-तीन ओढीत सुरू होतो. परवा सुट्टीवर आलेल्या ह्यांनी सरळ डबा उचलला, तर मीच ओरडले, “अहो, तो नव्हे, लाल पट्ट्याचा!”