कोट कुठे संपतो

पहाटे साडेपाच

वैशाखात लग्नतिथी दाट असल्या की माझा दिवस इस्त्रीनं सुरू होतो. दहिवलीत घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. शेरवान्या, फेटे, उपरणी भाड्यानं मिळतात आणि धोतर नेसवायला मी जातो. शेरवानीला इस्त्री कुणीही करील. धोतराला करताना मात्र काठ ताणला जाता कामा नये, नाहीतर निऱ्या घातल्यावर काठावर काठ बसत नाही आणि सोगा तिरका लोंबतो.

साडेआठ

नेरळच्या वाटेवरचं फार्महाऊस. मंडळी मुंबईची. खोलीत नवरदेव, त्याचे मित्र, आणि पलंगावर पसरलेली शेरवानी, पार पोटऱ्यांपर्यंत लांब.

आधी धोतर. कमरेला सुती नाडा बांधला. धोतराचा मध्य पाठीवर, दोन्ही टोकं पुढे, बेंबीखाली घट्ट गाठ. एका टोकाच्या निऱ्या करून ते पायांमधून मागे नेलं आणि कासोटा खोचला. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढे खोचल्या. मग नवरदेवाला दोनदा खाली बसायला लावलं. होमापुढे तास-दीड तास मांडी घालायची असते. उभ्यानं छान दिसणारं धोतर तिथं दगा देतं.

"काका, आता शेरवानी?" मेव्हण्यानं विचारलं.

म्हटलं, घाला आणि आरशात बघा. धोतर गायब! खाली वीतभर पांढरं कापड तेवढं दिसत होतं. त्यापेक्षा चुडीदार बरा. धोतरावर काय घालायचं हे रंगावरून नंतर ठरतं, आधी वरचा कपडा कुठे संपतो ते बघावं. जोधपुरी बंदगळा कंबरेखाली संपतो, त्याखाली निऱ्या मोकळ्या पडतात. अंगरखा मांडीच्या मध्यापर्यंत चालतो. सदरा गुडघ्याच्या वर, आणि दोन्ही बाजूंना चिरा हव्यातच, नाहीतर कासोट्यापाशी फुगतो. सगळ्यात देखणी बाराबंदी. आखूड, अंगासरशी, बारा बंदांची, आणि तिच्याकडेच लोकांचं लक्ष जात नाही, कारण नाटकातला पोशाख वाटतो म्हणे.

नवरदेवाचा मावसभाऊ ग्लासगोहून आलेला. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे किल्टचं हेच आहे." हा स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा मित्राच्या लग्नात त्यानं घातला होता. किल्टच्या चुण्या मागच्या बाजूला असतात, नेहमीचा लांब कोट त्या झाकतो, म्हणून किल्टवरचा कोट मुद्दाम आखूड बेततात. शिवाय वेळ पाहायची. दिवसा अर्गाइल कोट आणि पुढे साधी चामड्याची पिशवी. संध्याकाळच्या मेजवानीला प्रिन्स चार्ली नावाचा आणखी आखूड कोट, बो टाय, आणि केसाळ, चांदीच्या कडेची पिशवी. त्या पिशवीला ते स्पोरन म्हणतात. किल्टला खिसा नसतो म्हणून ती. धोतरालाही नसतो, इथं नवरदेवाचा मोबाइल करवलीच्या पर्समध्ये जातो. कोटाच्या खिशात ठेवला तर एक बाजू ओढली जाते आणि सगळे फोटो वाकडे.

शेवटी विधींसाठी रेशमी कद आणि खांद्यावर शेला एवढंच ठरलं, वरातीला सुती धोतर आणि बंदगळा. एक भांडण उरलं, पांढऱ्याचं. धोतर शुभ्र, कोट मोतिया. पांढऱ्याला पांढरं जुळवण्याइतकं अवघड काही नाही. शुभ्राशेजारी मोतिया मळकट दिसतो. मी सरळ गडद निळा बंदगळा काढून दिला. उपरण्याची पातळ घडी एका खांद्यावर. सदऱ्यावर उपरणं दोन्ही खांद्यांवर मोकळं सोडलेलं शोभतं, कोटावर तसं सोडलं की ओझं वाटतं.

दुपारी दोन

दुकान. गावाकडचे एक आजोबा नातवाच्या लग्नासाठी धोतरजोडी घ्यायला आले. सदरा, बंडी, पांढरी टोपी, कोल्हापुरी चपला. धोतराखेरीज नवं उपरणं तेवढं हवं होतं. त्यांना मी काय सांगणार! त्यांनीच मला काठ उन्हात धरून दाखवला आणि पन्नास रुपये कमी करून घेतले.

त्यांच्यामागून आलेल्या पोरांना इलॅस्टिकचं शिवलेलं धोतर पाहिजे. देतो. बारा वर्षांच्या करवल्याला नेसवलेलं धोतर वरातीत टिकत नाही. मोठ्या माणसाला मात्र देताना हात आखडतो, त्या धोतराच्या निऱ्या शिवणीनं मेलेल्या असतात.

पायाचंही लोक शेवटी विचारतात. कोल्हापुरी किंवा पुणेरी जोडा. जुन्या फोटोंत धोतर, लांब कोट, काळी टोपी आणि पायात मोजे-बूट घातलेले कारकून दिसतात. कचेरीला ते ठीक होतं, मांडवात नको.

साडेपाच

पूल ओलांडून कर्जतला, गोरज मुहूर्ताचं लग्न. इथं फक्त फेटे. फेटा कोटाशी जुळवू नये, उपरण्याच्या काठाशी जुळवावा. उगाच शोभेचा तुरा काढा म्हटलं की वरबापाला राग येतो, तेव्हा तो राहू दिला.

रात्री दहा

कपडे परत आले. एका उपरण्यावर हळद. साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो, घरच्यांनी तो आधीच लावलेला. आता धुऊन दोन-तीन उन्हं खाऊ द्यायची, ऊनच तो उडवतं.

ग्लासगोवाला स्वतः आला होता. त्याला बाराबंदी शिवून हवी, किल्टवर घालायला. लांबी बसेल, म्हटलं, पण बंद सुती नकोत, तिकडच्या जाड लोकरीपुढे ते सुतळीसारखे दिसतील. माप घेतलं. लोकरीचं कापड त्यानं तिकडून पाठवायचं; मुंबईत दादरला नि मंगलदास मार्केटला मी जातो ते सुती-रेशमीसाठी. शिलाई आगाऊ घेतली.