का आणि कसं : जमीन का खचते?

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हस्की स्टेडियमजवळच्या पार्किंगची जमीन वरचेवर खचते. का?

१९१६ साली जहाजांच्या कालव्यासाठी वॉशिंग्टन सरोवराची पातळी सुमारे पावणेतीन मीटर उतरवली. काठची, आज जिथे हे पार्किंग आहे ती दलदल उघडी पडली. पाण्याखाली ऑक्सिजन जेमतेम पोचतो, त्यामुळे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे थर साचतात. हे थर म्हणजे भिजलेला स्पंजच. भार पडला की पाणी निघतं, थर दबतो. हवा शिरली की उरलेलं कुजतं आणि जमीन आणखी बसते. त्यावर १९६६पर्यंत शहराचा कचरा पडला. तोही कुजत, दबत राहिला.